शिंपल्यांची पेढी आणि तेलाची बोट

१० नोव्हेंबर १९०२ चा दिवस. लंडनच्या नव्या लॉर्ड मेयरची मिरवणूक दरवर्षी ९ तारखेला निघायची, पण त्या वर्षी ९ तारखेला रविवार आला म्हणून ती एक दिवस पुढे गेली. सोनेरी बग्गीत बसलेले सर मार्कस सॅम्युअल त्या दिवशी आपल्या लहानपणच्या मोहल्ल्यातून गेले. हाउंड्सडिच आणि पोर्टसोकन हा भाग म्हणजे लंडनच्या पूर्व टोकाची ज्यू वस्ती. गोदीवर येणाऱ्या मालावर, जुन्या कपड्यांवर आणि फेरीच्या धंद्यावर जगणारी ही वस्ती होती, आणि तिथली माणसे आपल्यातला एक जण बग्गीत बसलेला पाहायला रस्त्यावर दाटीवाटीने उभी होती. प्रथेप्रमाणे रात्रीच्या मेजवानीला परदेशी वकिलातींना निमंत्रणे गेली होती. रुमानियाच्या वकिलाला मात्र बोलावणे नव्हते. त्या देशात ज्यूंचा छळ चालला आहे, तेव्हा त्याला आपल्या पंगतीत जागा नाही, असे नव्या मेयरांनी ठरवले होते.

बग्गीत बसलेल्या या माणसाची तेलाची कंपनी त्या वेळी तिच्या आयुष्यातल्या सर्वात वाईट वर्षातून चालली होती. गर्दीला त्याची कल्पना नव्हती. स्वतः सॅम्युअलांनाही ती पुरती आली होती असे वाटत नाही. ‘शेल’ कंपनीच्या जन्मदात्याच्या हातून ‘शेल’ कशी निसटली, हे समजून घ्यायचे तर आधी त्यांच्या घराण्याची पेढी पाहावी लागते. ज्या रीतीने ते वर आले, त्याच रीतीने ते खालीही आले.

सॅम्युअल घराणे अठराव्या शतकाच्या मध्याला हॉलंड आणि बव्हेरियातून लंडनला आले. मार्कसच्या वडिलांचे नावही मार्कसच होते. पूर्वेकडून परतलेले खलाशी चीजवस्तू घेऊन बंदरात उतरत, आणि थोरले मार्कस त्यांच्याकडून नवलाईचा माल विकत घेत. त्यात शहामृगाची पिसे असत, वेताच्या काठ्या असत, मिऱ्यांची पोती असत आणि रंगीबेरंगी शिंपलेही असत. या शिंपल्यांनी मढवलेल्या छोट्या लाकडी पेट्या ते वस्तीतल्या पोरींकडून करून घेत आणि समुद्रकाठच्या गावांतल्या दुकानांना विकत. ब्रायटनला हवा खायला गेलेली मध्यमवर्गीय मुलगी अशी पेटी आठवण म्हणून घरी न्यायची. माल क्षुल्लक होता, पण त्यातून पैसा येत होता.

मात्र थोरल्या मार्कसांची खरी कमाई शिंपल्यांत नव्हती. कोलकाता, सिंगापूर, बँकॉक, मनिला, हाँगकाँग या बंदरांत बहुतेक स्कॉटिश माणसांनी चालवलेल्या मोठ्या आडतपेढ्या होत्या. त्यांच्याशी थोरल्यांनी विश्वासाचे नाते जोडले होते. सॅम्युअलांच्या पेढीचे पूर्वेला कुठे कार्यालय नव्हते आणि पगारी माणसांचा ताफाही नव्हता. लंडनहून पत्र जायचे, तिकडून माल निघायचा, हिशोब पुढे व्हायचा. थोड्या भांडवलात मोठा पल्ला मारायची ही युक्ती त्यांनी मुलांच्या हाती ठेवली. १८७० मध्ये ते वारले तेव्हा सुएझ कालवा नुकताच सुरू झाला होता आणि तारायंत्राच्या तारा पूर्वेकडे पोचत होत्या. पत्रावर चालणारा धंदा आता तारेवर चालणार होता.

धाकटा मार्कस ५ नोव्हेंबर १८५३ रोजी जन्मला. ब्रसेल्समध्ये थोडे शिक्षण झाले आणि सोळाव्या वर्षी तो घरच्या पेढीत हिशोबाच्या वह्यांवर बसला. विसाव्या वर्षी, १८७३ मध्ये, तो पूर्वेच्या प्रवासाला निघाला. हिंदुस्थानात तेव्हा दुष्काळ होता आणि सयाममध्ये भाताचे पीक उदंड आले होते. सयामचा तांदूळ हिंदुस्थानाकडे वळवण्याचा सौदा या पोराने जमवला. एका बंदरात काय जास्त आहे आणि दुसऱ्यात कशाची टंचाई आहे, हे त्याच्या डोक्यात पटकन जुळायचे. पुढचे सगळे आयुष्य तो हेच करत राहिला.

भाऊ सॅम्युअल सॅम्युअल (हो, नाव आणि आडनाव एकच) दोन वर्षांनी लहान. १८७८ मध्ये दोघांनी दोन पेढ्या काढल्या, लंडनची मार्कसच्या नावाची आणि जपानमधली सॅमच्या नावाची. सॅमने योकोहामात बरीच वर्षे काढली. मार्कस लंडनमध्ये बसून आखणी करायचा आणि सॅम तिकडे निस्तरायचा. दोघांचे पटायचे, पण कुठल्याही मोठ्या निर्णयाआधी तासन्‌तास आरडाओरडा व्हायचा. पेढीत नोकरमाणसे मोजकी होती. जबाबदारीची जागा आली की घरातल्याच भावाला किंवा भाच्याला बसवायचे, अशी रीत होती.

तेलात त्यांना आणले ते फ्रेड लेन नावाच्या जहाजदलालाने. कॉकेशसमधल्या बाकूला तेलाच्या विहिरी उसळत होत्या. १८८३ मध्ये बाकू ते काळ्या समुद्रावरचे बाटूम अशी आगगाडी झाली होती, आणि पॅरिसच्या रॉथशिल्ड घराण्याने बाटूमला आपली तेलकंपनी उभी केली होती. माल भरपूर होता, गिऱ्हाईक मात्र कमी होते, कारण युरोपातल्या बाजारावर रॉकफेलरच्या स्टँडर्ड ऑइलची पकड होती. पूर्वेकडचा बाजार कोणी मोकळा करून देईल का, हे रॉथशिल्ड शोधत होते, आणि लेन त्यांचे काम पाहत असे. १८९० मध्ये लेन मार्कसला घेऊन काळ्या समुद्राकडे गेला. तिथे मार्कसने एक ओबडधोबड तेलवाहू बोट पाहिली. तेल डब्यांत न भरता थेट बोटीच्या पोटात ओतलेले होते.

त्या वेळी पूर्वेला रॉकेल जायचे ते अमेरिकेहून, आफ्रिकेला वळसा घालून. पाच-पाच गॅलनचे दोन डबे एका लाकडी खोक्यात घातलेले असत. डबा, खोके, हमाली, गळती, रिकामी जाणारी जागा हा सगळा खर्च गिऱ्हाइकाच्या माथी बसे. तेल सुटे न्यायचे, सुएझमधून न्यायचे आणि बंदरावरच्या टाक्यांत उतरवायचे, असा बेत मार्कसने केला. पण स्टँडर्डचा एक डाव जगजाहीर होता. प्रतिस्पर्धी जिथे डोके वर काढेल तिथे ते भाव पाडत आणि ती झीज दुसऱ्या बाजारात भाव चढवून भरून काढत. त्यावर एकच तोड होती. सगळ्या बाजारांत एकदम उतरायचे. म्हणजे पहिली बोट निघण्याआधी बंदराबंदरांत टाक्या उभ्या हव्यात, आणि तेही बोभाटा न होता.

मग दोन भाचे कामाला लागले, मार्क आणि जोसेफ एब्राहम्स. मार्क अतिपूर्वेकडे गेला आणि जोसेफने हिंदुस्थानाची बाजू घेतली. जागा पाहायच्या, सरकारी परवाने मिळवायचे, टाक्या बांधून घ्यायच्या, आडत्यांना पटवायचे अशी कामे तुटपुंज्या पगारावर चालली, आणि लंडनहून मामांची खरडपट्टीची पत्रे येतच राहिली. सिंगापूरच्या अधिकाऱ्यांनी शहरात तेलाच्या टाक्या बांधू द्यायला नकार दिला, तेव्हा मार्कने बंदराबाहेरचे पुलाऊ बुकोम हे बेट निवडले. पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ ते शेलच्या तेलाचे मोठे ठाणे राहिले. भाच्याच्या पगाराच्या मानाने ही कमाई वाईट नव्हती.

सुएझ कालव्याच्या कंपनीला तेलाच्या बोटींची धास्ती होती. कालव्यात एखादी पेटली तर? मार्कसने फॉर्टेस्क्यू फ्लॅनरी या जहाजरचनाकाराकडून अशी बोट आखून घेतली की तेल गरम होऊन फुगले तरी टाक्या सुरक्षित राहाव्यात. तेल उतरल्यावर टाक्या वाफेने धुवायच्या, मग त्यात चहा, तांदूळ असा माल भरून परतायचे. येताना रिकामे यायचे नाही, हे तर कुठलाही गलबतवाला सांगेल. स्टँडर्डच्या बाजूच्या वकिलांनी लंडनमध्ये विरोधाची मोहीम चालवली, पण ५ जानेवारी १८९२ रोजी कालवा कंपनीने परवानगी दिली. वेस्ट हार्टलपूलच्या विल्यम ग्रे यांच्या गोदीत बोट बांधली गेली. तिचे नाव ‘म्युरेक्स’, एका शिंपल्याचे. बाटूमला रॉथशिल्डांचे चार हजार टन रॉकेल भरून तिने ऑगस्ट १८९२ मध्ये सुएझ पार केला आणि ती सिंगापूर व बँकॉककडे निघाली. तिच्यामागोमाग ‘काँच’, ‘क्लॅम’, ‘कौरी’, ‘टर्बो’ अशा शिंपल्यांच्याच नावांच्या बोटी पाण्यात उतरत गेल्या. वडिलांच्या धंद्याला दिलेली ही मानवंदना होती.

आणि मग तेल खपेना!

तारा आल्या, तक्रारी आल्या. लंडनमधल्या शहाण्या माणसांनी सगळा विचार केला होता, एक सोडून. आशियातल्या गिऱ्हाइकाला तेलाइतकाच डबाही हवा होता. स्टँडर्डच्या निळ्या डब्यांतून छपरे होत, पाणी भरायची भांडी होत, कंदील होत, धान्य साठवायचे पिंप होत. महाराष्ट्रातल्या ज्यांनी चाळीत किंवा वाड्यात रॉकेलच्या डब्यातून पाणी वाहिले आहे, त्यात तुळस लावली आहे किंवा पत्रा उलगडून मोरीचा आडोसा केला आहे, त्यांना हे वेगळे समजवायला नको. सुटे तेल स्वस्त होते खरे, पण ते न्यायला बायकामाणसे घरातले भांडे घेऊन येतील, ही अपेक्षाच खुळी होती. मार्कसने तातडीने टिनाच्या पत्र्याचे गठ्ठे जहाजाने रवाना केले आणि पूर्वेकडच्या आडत्यांना जागेवरच डबे घडवायला लावले. हे डबे झगझगीत लाल होते. स्टँडर्डचे डबे अर्ध्या जगावरून वळसा घालून, रंग खरवडून आणि पोचे पडून येत. हे लाल डबे तिथल्या तिथे घडलेले, कोरे करकरीत. थोड्याच काळात पूर्वेच्या कित्येक घरांची छपरे निळ्याची लाल होऊ लागली.

१८९५ अखेरपर्यंत सुएझमधून तेलाच्या बोटींच्या ६९ फेऱ्या झाल्या. त्यांतल्या चार वगळता सर्व सॅम्युअलांच्या स्वतःच्या किंवा भाड्याच्या बोटींच्या होत्या. मधल्या काळात मार्कसला डॉक्टरांनी कर्करोग सांगितला आणि फार तर सहा महिने दिले. निदान चुकले. पुढे तो आणखी ३० वर्षांहून अधिक जगला. पण त्या भीतीपायी त्याने पूर्वेच्या आडत्यांचा एक संघ बांधला. सर्वांनी नफातोटा वाटून घ्यायचा, म्हणजे स्टँडर्डने एका बंदरात भाव पाडले तरी एकट्याचे दिवाळे निघू नये. याच संघातून १८ ऑक्टोबर १८९७ रोजी ‘शेल ट्रान्सपोर्ट अँड ट्रेडिंग कंपनी’ नोंदवली गेली. कंपनीचे चिन्ह १९०१ मध्ये एक साधा शिंपला होते, १९०४ पासून पंख्यासारखा पसरट शिंपला आला. त्याचा एक धागा हिंदुस्थानापर्यंत पोचतो असे कंपनीच सांगते. सॅम्युअलांचे रॉकेल हिंदुस्थानात आणून आपल्या नावाने विकणारे एक ग्रॅहम होते. ते पुढे शेलचे संचालक झाले आणि त्यांच्या घराण्याच्या मानचिन्हावर असाच शिंपला होता.

इथवर घराण्याची रीत नेटकी चालली. ओळखी, तारा, भाचे, आडते, हजरजबाबीपणा यांवर एवढा डोलारा उभा राहिला. पण माल रॉथशिल्डांचा होता आणि त्यांच्याशी झालेला करार १९०० मध्ये संपणार होता. स्वतःचे तेल हवे म्हणून मार्कसने डच बोर्निओच्या पूर्व किनाऱ्यावरचा कुतेईचा जंगली मुलूख घेतला आणि पुन्हा मार्क एब्राहम्सला तिकडे धाडले. भाच्याला तेल काढण्याची काडीची माहिती नव्हती. हत्यारे येत ती चुकीची, बोटी येत त्या अवेळी, माणसे तापाने आडवी होत. १८९७ मध्ये तेल लागले, बालिकपापानला शुद्धीकरणाचा कारखानाही उभा राहिला. पण तिथल्या तेलातून दिव्याचे रॉकेल फारसे निघत नव्हते. ते जाळायला चांगले होते, बॉयलरखाली, कोळशाच्या जागी.

मार्कसने या अडचणीचेच स्वप्न केले. ब्रिटिश आरमार कोळसा सोडून तेलावर चालेल, असे तो ज्याला त्याला सांगू लागला. आरमारातले ॲडमिरल फिशर त्याच्या मताचे होते. १८९८ मध्ये पोर्ट सैदजवळ ‘व्हिक्टोरियस’ ही लढाऊ बोट गाळात रुतली तेव्हा शेलच्या ‘पेक्टन’ने ती ओढून काढली. मार्कसने मोबदला घेतला नाही, आणि त्याच वर्षी त्याला ‘सर’ हा किताब मिळाला. पण जून १९०२ मध्ये पोर्टस्मथला ‘हॅनिबल’ या युद्धनौकेवर तेलाची चाचणी झाली, तेव्हा कोळशावर असताना पांढरा धूर सोडणारी ती बोट तेलावर येताच काळ्याकुट्ट ढगात बुडाली. भट्टीतली तेल फवारण्याची यंत्रणाच चुकीची बसवलेली होती. आरमाराने विषय बाजूला ठेवला.

टेक्सासची कथा याहून वाईट. जानेवारी १९०१ मध्ये स्पिंडलटॉपला तेलाचा फवारा उडाला. तिथल्या गफी कंपनीशी मार्कसने २० वर्षांचा करार केला. तिच्या निम्म्या तेलावर शेलचा हक्क होता आणि भाव होता पिंपाला २५ सेंट. सौदा कागदावर अप्रतिम होता, पण तो करण्याआधी शेलने आपला एकही भूगर्भजाणकार तिथे पाठवला नव्हता. वर्ष-दीड वर्षात स्पिंडलटॉपचा दाब गेला, फवारा बसला, आणि टेक्सासच्या तेलासाठी बांधलेल्या नव्या टँकर बोटींतून गुरे लंडनला आणायची वेळ आली. बोट रिकामी ठेवायची नाही, हे गलबतवाल्यांचे तत्त्व इथे गुरांनी पाळले. करारातून सुटका मागायला गफी कंपनीमागचा बँकर अँड्र्यू मेलन १९०३ मध्ये स्वतः केंटमधल्या मोट या मार्कसच्या ५०० एकरांच्या इस्टेटीवर आला. वकिलांचा सल्ला घेऊन मार्कसने जुना करार सोडून दिला.

याच मधल्या काळात तो लंडनच्या नगरकारभारात वर चढत होता. १८९१ मध्ये पोर्टसोकन वॉर्डाचा आल्डरमन, मग शेरीफ, मग लॉर्ड मेयर. मेजवान्या, भाषणे, पोशाख. ज्यूंच्या वस्तीतून आलेल्या माणसाला या मानाची किंमत काय वाटत असेल, ते समजू शकते. या हौसेसाठी त्याला हसणारे त्या काळीही होते आणि आजही आहेत. पण ज्या समाजात त्याच्या आडनावावरूनच त्याची जागा ठरवली जाई, तिथे सोनेरी बग्गी हा निव्वळ मोठेपणाचा सोस नव्हता. चूक वेगळीच होती. शेलचा पसारा एव्हाना अर्ध्या जगभर पसरला होता आणि तो अजूनही सवड मिळेल तसा, डोक्यात हिशोब ठेवून चालवला जात होता. कंपनीत भरवशाचे व्यवस्थापक नव्हते. मिरवणुकीनंतर महिन्याभरातच, डिसेंबर १९०२ मध्ये, फ्रेड लेनने संचालकपद सोडले. तुम्हाला या धंद्याकडे पाहायला वेळ नाही आणि भांडवल ओतून दैवावर हवाला ठेवण्यापलीकडे कंपनीला धोरण नाही, असे त्याने मार्कसला लिहिले. ज्याने तेलात आणले, तोच निघून गेला.

समोर उभा होता तो हेन्री डेटर्डिंग. सुमात्रात तेल काढणाऱ्या रॉयल डच कंपनीचा हा कारभारी हिशोबनीस म्हणून वाढलेला होता, आणि भावातला प्रत्येक पैसा त्याला दिसायचा. १९०३ मध्ये शेल, रॉयल डच आणि रॉथशिल्ड यांनी मिळून विक्रीसाठी एशियाटिक पेट्रोलियम कंपनी काढली. तिचा कारभार डेटर्डिंगच्या हातात गेला. शेल खंगत गेली, रॉयल डच पुष्ट होत गेली. शेवटी मार्कस पूर्ण एकीकरणाला तयार झाला. निम्मे-निम्मे, असे त्याचे म्हणणे होते. डेटर्डिंगने साठ-चाळीस सांगितले. शेल चाळीसमध्ये. मार्कसला वेगळी वाट नव्हती, आणि १९०७ मध्ये रॉयल डच-शेल समूह जन्मला. अध्यक्ष म्हणून मान मार्कसचा, पण सत्ता डेटर्डिंगची. आश्चर्य म्हणजे दोघांचे जमलेही. मार्कसला पुढे त्यातून पूर्वी कधी मिळाला नव्हता इतका पैसा मिळाला.

तरी त्याचे परकेपण सुटले नाही. जून १९१४ मध्ये आरमारमंत्री चर्चिलने आरमारासाठी अँग्लो-पर्शियन या तेलकंपनीत सरकारी पैसा घालण्याचा ठराव पार्लमेंटात आणला तेव्हा शेलवर आणि तिच्या मालकांवर बोचरे वार झाले. वर्षभरापूर्वी वाँड्सवर्थमधून निवडून आलेला भाऊ सॅम सभागृहातच होता. त्याने उठून बाजू मांडली, पण मतदान व्हायचे तसेच झाले. पुढे महायुद्ध पेटले आणि स्फोटकांसाठी लागणाऱ्या टोल्युइनची टंचाई झाली. बोर्निओचे ते नकोसे तेल टोल्युइनने भरलेले होते. त्यापासून टोल्युइन काढणारा कारखाना रॉटरडॅमला होता. जानेवारी १९१५ मध्ये तो सुटा करून इंग्लंडला आणला गेला आणि पोर्टिसहेडला पुन्हा जोडला गेला. याच युद्धात मार्कसचा धाकटा मुलगा जेराल्ड आघाडीवर मारला गेला. पहिली बोट ‘म्युरेक्स’ १९१६ मध्ये पोर्ट सैदजवळ पाणतीराने बुडाली, तिने पहिला विक्रम केलेल्या कालव्यापासून फार दूर नाही. १९२१ मध्ये मार्कस लॉर्ड बेअरस्टेड झाला, १९२५ मध्ये व्हायकाउंट. १७ जानेवारी १९२७ रोजी तो गेला. आदल्याच दिवशी पत्नी फॅनी गेली होती.

पुढच्या वर्षी, १९२८ मध्ये, एशियाटिक पेट्रोलियमच्या हिंदुस्थानातल्या धंद्याची बर्मा ऑइलशी जोड होऊन बर्मा-शेल उभी राहिली. मराठी माणसाची मार्कस सॅम्युअलशी ओळख झाली ती या नावातून. तिचे डबे होते, पंप होते, १९५५ मध्ये माहुलला सुरू झालेला शुद्धीकरण कारखाना होता आणि बॅलार्ड इस्टेटमधली कचेरी होती. जानेवारी १९७६ मध्ये सरकारने ती ताब्यात घेतली आणि १९७७ मध्ये तिची भारत पेट्रोलियम झाली. बर्मा-शेल हाऊसचे भारत भवन झाले.

घरात पैसा राहिला, तेल राहिले नाही. थोरला मुलगा वॉल्टर वडिलांनंतर शेलचा अध्यक्ष झाला, पण त्याचा जीव चित्रांत होता. अप्टन हाऊस ही हवेली आणि तिथला चित्रसंग्रह त्याने १९४८ मध्ये नॅशनल ट्रस्टला देऊन टाकला. एम. सॅम्युअल ही जुनी पेढी एव्हाना बँक झाली होती. १९६५ मध्ये ती फिलिप हिलशी जोडली जाऊन हिल सॅम्युअल झाली. साठ-चाळीसची वाटणी मात्र २००५ पर्यंत टिकली, तेव्हा दोन्ही बाजूंचे समभाग एका कंपनीत आले. जानेवारी २०२२ मध्ये या कंपनीने आपले मुख्यालय हेगहून लंडनला हलवले आणि नावातले ‘रॉयल डच’ हे दोन शब्द काढून टाकले.